इंजिन उघडण्याआधी

जुन्या डिझेल गाडीच्या मालकाला सर्वांत महाग पडणारं वाक्य गॅरेजमध्ये अगदी सहज उच्चारलं जातं: ‘इंजिन काम निघालंय.’ गाडी काळा धूर टाकते, चढावर ओढत नाही, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, पाणी खाते, ऑइल खाते. तक्रार कुठलीही असो, निदान एकच. मग हेड उतरतं, पिस्टन बाहेर येतात, ब्लॉक लेथवर जातो, रिंगा आणि बेअरिंगं नवी पडतात. पंधरा दिवसांनी गाडी रस्त्यावर येते आणि पहिल्याच घाटात पुन्हा तोच काळा धूर सोडते. कारण दोष इंजिनाच्या पोटात नव्हताच. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी होज क्लॅम्पखाली चिरला होता, एवढंच.

या प्रकरणात जे सांगायचं आहे ते मुख्यतः क्रमाबद्दल आहे. इंजिन उघडणं ही दुरुस्तीची शेवटची पायरी आहे. तिच्याआधी बघणं, ऐकणं, वास घेणं आणि मोजणं या पायऱ्या येतात, आणि त्यांना लागणारी हत्यारं एका छोट्या पेटीत मावतात. हा क्रम पाळला तर ‘इंजिन काम’ ठरवलेल्या कितीतरी गाड्या फिल्टर, होज, अर्थची पट्टी किंवा रेडिएटरची टोपी बदलून सुटतात. ज्यांना खरोखरच इंजिन काम लागतं त्यांचंही नेमकं काय बिघडलंय हे आधीच कळलेलं असतं.

उदाहरणाला आपण महिंद्रा बोलेरो घेऊ. ती 2000 साली आली, नाशिकला बनते, आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत तिच्याइतकी ओळखीची गाडी क्वचितच असेल. सातारा-कोल्हापूरकडे वडाप म्हणून, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी म्हणून, शेतकऱ्याकडे बियाण्यापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळ्यासाठी ती राबते. तिच्या डीआय इंजिनाचा बोअर 88.9 मिलिमीटर आणि स्ट्रोक 101.6 मिलिमीटर, म्हणजे इंचात बरोबर साडेतीन आणि चार. चार सिलिंडर मिळून 2523 सीसी. ताकद जेमतेम 63 अश्वशक्ती, तीही मिनिटाला 3200 फेऱ्यांवर. आकडे साधे दिसतात, पण या गाडीचं आयुष्य त्यांतच आहे. लांब स्ट्रोकचं, सावकाश फिरणारं, ताकदीच्या मानाने मोठं इंजिन स्वतःवर फार ताण घेत नाही. म्हणूनच तीन-चार लाख किलोमीटर चाललेल्या बोलेरो सापडतात, आणि म्हणूनच दोन लाखांवर एखादी गाडी धूर टाकू लागली तर ‘वय झालं’ एवढ्यावर समाधान मानू नये. पुढे जे येतं ते सुमो, क्वालिस आणि पहिल्या पिढीच्या स्कॉर्पिओलाही लागू आहे. जिथे कॉमन रेल असल्यामुळे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे, कारण त्या फरकात जिवाचा प्रश्न आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. म्हणजे तीनच गोष्टी लागतात: पुरेशी हवा, ती घट्ट दाबली जाणं, आणि योग्य वेळी योग्य फवारा. या तिघांचं रक्षण करायला ऑइल आणि पाणी. जुन्या गाडीची कुठलीही तक्रार या पाचांपैकी कुणाच्या तरी वाट्याला जाते. कुणाच्या, हे सांगणारा पहिला साक्षीदार धूर.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय. इथे बहुतेक जण थेट पंपाकडे आणि नोझलकडे वळतात, आणि पंप उतरवून पंपवाल्याकडे नेला जातो. त्याआधी एअर फिल्टर काढून बघा. वीटभट्टीच्या किंवा ऊस वाहतुकीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यातच तुंबू शकतो. मग टर्बोपासून इनटेकपर्यंतचा प्रत्येक होज हाताने दाबत, वाकवत तपासा. चीर बहुधा खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला असते आणि तिथे तेलकट काळा डाग दिसतो, कारण टर्बोतून येणाऱ्या हवेत थोडं ऑइल असतंच. गाडीवर भार असतानाच चीर उघडते, त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काही सापडत नाही आणि घाटात मात्र शिट्टी ऐकू येते. होज ठीक निघाले तर टर्बोचा दांडा हाताने हलवून बघायचा. आडवा किंचित हलला तर चालतो. पुढे-मागे हलत असेल किंवा पंखा घराला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो गेला. यातलं काहीच नसेल, तेव्हा नोझल.

धुराचा इतिहास जपण्याची एक सोय सरकारनेच करून ठेवली आहे आणि तिचा उपयोग फारसा कुणी करत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीमध्ये धुराची घनता मोजली जाते. बीएस-4 च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा 65 हार्ट्रिज एकक आहे. चाचणी प्रामाणिकपणे झाली असेल तर त्या पावतीवरचा आकडा म्हणजे इंजिनाच्या तब्येतीची नोंद. गेल्या वर्षी 30, सहा महिन्यांपूर्वी 38, आता 55 अशी चढती रांग असेल तर डोळ्यांना धूर दिसण्याच्या आधीच फिल्टर आणि नोझल बघण्याची वेळ आली आहे. जुन्या पावत्या फेकू नका.

पांढरा धूर दोन प्रकारचा असतो आणि त्यांची गल्लत सर्वांत महाग पडते. एक पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा. तो डोळ्यांना झोंबतो, त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो, आणि इंजिन गरम होत गेलं की तो कमी होतो. त्याचा अर्थ फवारा पडला पण पेटला नाही. थंडी, उशिरा पडणारा फवारा, थेंब थेंब गळणारं नोझल, किंवा कमी कॉम्प्रेशन. क्वालिससारख्या प्री-चेंबरच्या इंजिनात हीटर प्लग जळालेले असले तरी हेच होतं. मुंबईत वर्षभर ते कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि डिसेंबरात गाडी निफाडला मुक्कामाला गेली की सकाळी सुरूच होत नाही. दुसरा पांढरा धूर वाफेचा. त्याला कूलंटचा गोडसर वास येतो, इंजिन पूर्ण तापल्यावरही तो थांबत नाही, आणि रेडिएटरची पातळी घटत जाते. हा धूर दिसला तर हेड गॅस्किटचा किंवा हेडला गेलेल्या तड्याचा संशय घ्यायचा. मात्र थंड सकाळी सायलेन्सरमधून पहिली काही मिनिटं येणारी वाफ प्रत्येक गाडीला येते. तिला घाबरायचं कारण नाही.

निळा धूर ऑइलचा. रात्रभर उभी गाडी सुरू करताना एक निळा लोट आणि मग काही नाही, असं असेल तर वॉल्व्हच्या सीलमधून रात्री ऑइल झिरपलंय. चढावर, भाराखाली सतत निळा धूर येत असेल तर रिंगा. बराच वेळ आयडलवर उभी राहून नंतर रेस दिल्यावर निळा लोट येत असेल तर टर्बोकडे बघा: टर्बोचा होज सुटा करून आत बोट फिरवा. बोटाला ऑइलचा पातळ थर लागणं ठीक. होजमधून ऑइल ओतता आलं तर टर्बोचं सील गेलंय. या एका तपासणीने रिंगांचं काम वाचतं. उलट टर्बोचं सील दुर्लक्षित राहिलं तर एक भयंकर प्रसंग ओढवू शकतो. इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून ओढू लागतं, रेस आपोआप वाढत जाते, आणि चावी बंद केली तरी ते थांबत नाही, कारण चावी डिझेल तोडते, ऑइल नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. ते शक्य नसेल तर हवेच्या तोंडावर फळी दाबून धरायची. तिथे हात कधीही लावायचा नाही, आणि इंजिनाजवळ इतर कुणाला उभं राहू द्यायचं नाही.

सकाळी गाडी सुरू होत नाही ही तक्रार घेऊन आलेल्यांना ‘कॉम्प्रेशन गेलं’ हे उत्तर पटकन मिळतं. पण डिझेल इंजिन पेटायला ते सेल्फवर पुरेशा वेगाने फिरावं लागतं, नाहीतर दाबलेली हवा तापण्याआधीच निसटते आणि उष्णता भिंतींत जाते. म्हणून पहिली मोजणी बॅटरीची. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असावी. सेल्फ मारताना ती 9.6 च्या खाली घसरू नये. गाडी चालू असताना 13.8 ते 14.4. हे सगळं ठीक असूनही सेल्फ जड फिरत असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थची पट्टी गंजली आहे. कोकणातल्या गाड्यांत हा दोष इतका नेहमीचा आहे की तिकडून आणलेल्या जुन्या गाडीची अर्थची पट्टी मी न मोजताच बदलून टाकण्याचा सल्ला देईन.

सेल्फ जोरात फिरतो, धूर अजिबात येत नाही आणि गाडी पेटत नाही, याचा अर्थ डिझेल पोचतच नाही. बहुधा लाइनने हवा पकडलेली असते. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन चोखत असते, दाबत नसते. त्यामुळे तिथल्या बारीक चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते आणि बाहेरून सगळं कोरडं दिसतं. फिल्टरनंतर हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडून बघा. बुडबुडे दिसले की शोध टाकीच्या दिशेने एकेक जोड मागे न्यायचा. फिल्टरवरच्या हातपंपाचं रबर आणि फिल्टरचं वॉशर हे नेहमीचे गुन्हेगार. आणि फिल्टरच्या तळाचं पाणी पावसाळ्यात नियमित सोडा. पाण्याने पंप आणि नोझल दोन्ही खराब होतात.

गाडी चालते पण आयडलवर हलते, एक सिलिंडर मिसिंग करतोय असं वाटतं, तेव्हा जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात एक सुंदर परीक्षा करता येते. इंजिन आयडलवर ठेवा, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घाला, आणि एका नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपचं नट अर्धा फेरा सैल करा. त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर सांडेल आणि तो बंद पडेल. इंजिनाचा आवाज खाली आला तर तो सिलिंडर काम करत होता. नट घट्ट करा, पुढच्याकडे जा. ज्या नटाने आवाजात काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर मेलेला आहे. आता त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष नोझलबरोबर शेजारी गेला तर नोझल खराब, जागेवरच राहिला तर वॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्किट. एवढ्या साध्या अदलाबदलीने हेड उतरवायचं की नाही याचा निम्मा निर्णय होतो. नोझल परत बसवताना तांब्याचं वॉशर नवंच घ्यायचं. जुनं वापरलं तर तिथून वायू फुसफुसत निसटतो आणि भोवती डांबरासारखा काळा थर जमतो.

ही परीक्षा कॉमन रेलवर कधीही करायची नाही. सीआरडीई आणि एमहॉक इंजिनांच्या स्कॉर्पिओत, तसंच 2011 च्या सुमारास कॉमन रेल झालेल्या बोलेरोत रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. त्या दाबाची डिझेलची बारीक धार हातमोजा आणि त्वचा भेदून मांसात शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, आणि तासाभरात शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. तिथे परीक्षा वेगळी. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक सारखी बाटली लावायची आणि इंजिन काही मिनिटं चालवायचं. चारही बाटल्यांत सारखंच डिझेल जमायला हवं. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. त्यामुळे रेलमध्ये दाब तयार होत नाही आणि गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला त्रास देतं. स्कॅनर लावून कोड वाचणं उपयोगाचं आहे, पण कोड लक्षण सांगतो, कारण नाही. ‘रेल प्रेशर कमी’ असा कोड आला म्हणून पंप बदलणारे गॅरेजवाले आहेत. बाटल्यांची परीक्षा न करता पंप बदलू देऊ नका.

यांत्रिक पंप असो वा कॉमन रेल, पंप किंवा नोझल सुटं करून पंपवाल्याकडे नेताना त्याच्याकडे टेस्ट बेंच आहे का, हे विचारायचा संकोच करू नये. डिझेल पंपाच्या धंद्यात ‘मायको’ हे नाव आजही चालतं. ती कंपनी पुढे बॉश लिमिटेड झाली आणि नोझल-इंजेक्टर बनवणारा तिचा कारखाना नाशिकलाच आहे. म्हणजे हे ज्ञान आपल्या दारात आहे. बेंचवर नोझल किती दाबाला उघडतं, फवारा धुक्यासारखा पडतो की धार लागते, बंद झाल्यावर टोक कोरडं राहतं का, हे डोळ्यांनी दिसतं. मालकाने तिथे उभं राहून ते बघावं.

आता पाणी. महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या इंजिनांचा सर्वांत मोठा शत्रू मला कुठला वाटत असेल तर तो बोअरचं पाणी. पठारावरच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी आटलं की मालक बाटलीभर तेच टाकतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत व हेडच्या पाण्याच्या वाटांत त्यांचा थर चढतो. हा थर उष्णता अडवतो. सपाटीवर काटा मधोमध राहतो आणि कसारा घाट चढताना वर जातो, ही त्याची खूण. या घाटाच्या माथ्यावर, इगतपुरीला, महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. त्याच चढावर त्याच कंपनीच्या जुन्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचा दोष इंजिनाच्या घडणीत नसून आत ओतलेल्या पाण्यात असतो. डिस्टिल्ड वॉटर आणि इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट निम्मं-निम्मं, हे थंड प्रदेशाचं चोचलं नाही. ते उकळबिंदू वाढवतं आणि गंज थांबवतं.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. तो काढला की सपाटीवर इंजिन नेहमीच थंड राहतं, डिझेल जास्त लागतं, सिलिंडर लवकर झिजतात. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर बायपास कायमचा उघडा राहतो. थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं आणि घाटात गाडी आधीपेक्षाही जास्त तापते. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर तो गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसह लटकवून किती अंशांना उघडतो ते बघा. घरी होण्यासारखी परीक्षा आहे.

त्याच ओघात रेडिएटरची टोपी. ती साधारण 0.9 ते 1.1 बार दाब धरून ठेवते, म्हणून पाणी 100 अंशांना उकळत नाही, 118-120 पर्यंत टिकतं. टोपीचं रबर कडक झालं की हा बचाव संपतो आणि पाणी बाहेर फेकलं जातं. मग लगेच हेड गॅस्किटचं निदान होतं. नवी टोपी लावून बघण्याआधी हेडला हात लावू देऊ नका. एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत अडकलेला चिखल, भुसा, किडेही असेच गुन्हेगार. गाडीच्या आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला, कमी दाबाच्या पाण्याने ते धुवायचे. व्हिस्कस कपलिंगचा पंखा असेल तर गरम गाडी बंद करून पंखा हाताने फिरवा. सहज गरगर फिरला तर कपलिंग गेलंय.

गॅस्किट खरोखर उडालंय का, हे कळण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. पूर्ण थंड इंजिनाची टोपी काढून सुरू केलं की रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात. किंवा थंड गाडी सुरू करून एक-दोन मिनिटांतच, पाणी अजून कोमट असताना, वरचा होज दगडासारखा कडक होतो. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असेल तरच हे होतं. पक्कं करायला ब्रोमोथायमॉल ब्लूचं द्रावण असलेलं नळीचं उपकरण मिळतं: रेडिएटरच्या तोंडावर धरलं की कार्बन डायऑक्साइडमुळे निळं द्रावण हिरवट-पिवळं होतं. ऑइल पाण्याशी मिसळून चहाच्या रंगाचं झालं असेल तर पुराव्याची गरजच नाही. फक्त एक सावधगिरी: पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ऑइलच्या टोपीखाली पिवळट साय जमते. ती दमट हवेतली वाफ असते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि पाणी घटत नसेल तर लांबच्या एका फेरीत ती जाते.

रस्त्यात गाडी तापलीच तर बाजूला घ्या, एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण उघडा, आणि इंजिन आयडलवर ठेवून काटा उतरू द्या. वाफ निघत असेल, पाणी सांडलं असेल किंवा पंख्याचा पट्टा तुटला असेल तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करा. गरम टोपी उघडायची नाही. तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या, तापलेल्या रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतायचं नाही. हेडला तडा जाण्याचं हेच नेहमीचं कारण आहे, आणि तिथून पुढे ‘इंजिन काम’ खरं ठरतं.

ऑइलच्या बाबतीत दोन गैरसमज आधी दूर करायला हवेत. डिझेल गाडीचं नवं ऑइल काही दिवसांतच काळं होतं. तो दोष नाही, काजळी अंगावर घेण्याचं काम ते करतंय. आणि ऑइलची पातळी वाढणं ही आनंदाची गोष्ट नाही. न घालता डिपस्टिकवर पातळी चढत असेल आणि ऑइल बोटांत पाण्यासारखं पातळ लागत असेल तर फीड पंपाचं डायफ्रॅम किंवा पंपाचं पुढचं सील फुटून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. अशा ऑइलवर गाडी चालवणं म्हणजे बेअरिंगं हाताने घासून टाकणं. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर मात्र चर्चा नको, इंजिन तिथेच बंद. पातळी बघा. पातळी ठीक असेल तर गाडी ओढून न्या आणि सेन्सरच्या जागी साधं दाबमापक लावा. गरम इंजिनात आयडलला साधारण एक बार आणि 2000 फेऱ्यांवर तीनच्या आसपास दाब मिळाला तर बिघाड सेन्सरमध्ये आहे. दाब खरंच कमी असेल तर आधी चेंबर तपासा. खराब रस्त्यावर चेंबर दगडावर आपटून आत चेपला की ऑइल ओढणाऱ्या जाळीची वाट अरुंद होते.

बॅक कॉम्प्रेशन हा ‘इंजिन काम’ ठरवणारा सर्वांत लाडका पुरावा. ऑइलची टोपी उघडून दाखवायची, आतून हवा येताना दिसली की रिंगा गेल्या. थोडी हवा प्रत्येक डिझेलमध्ये येते. जास्त येत असेल तरी आधी ब्रीदरची नळी तुंबली आहे का बघा. आणि त्यानंतर एक गोष्ट, जी फार कमी ठिकाणी बघितली जाते: आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो आणि तो ओढलेली हवा ऑइलबरोबर चेंबरमध्येच सोडतो. ब्रेक बूस्टरचा पडदा फाटला किंवा व्हॅक्यूमची नळी चिरली की पंप सतत बाहेरची हवा ओढून चेंबरमध्ये भरत राहतो. लक्षण हुबेहूब गेलेल्या रिंगांचं. व्हॅक्यूमची नळी पंपाजवळ क्षणभर बंद करून बघा. टोपीतून येणारी हवा लगेच कमी झाली तर रिंगा निर्दोष आहेत.

एवढं करूनही संशय उरला तर कॉम्प्रेशन मोजायचं. नोझलच्या जागी डिझेलसाठीचं मापक बसवायचं, पंपाची स्टॉपची वायर काढून डिझेल बंद करायचं, आणि गरम इंजिन सेल्फवर फिरवायचं. तंदुरुस्त डिझेलमध्ये साधारण 25 ते 30 बार किंवा अधिक दाब मिळतो. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघावी. आकड्यापेक्षाही चार सिलिंडरमधला फरक बोलका असतो. चारही थोडे कमी पण सारखे असतील तर गाडी अजून बरीच वर्षं चालेल. शेजारचे दोनच खाली असतील तर त्यांच्या मधलं गॅस्किट. एकच खाली असेल तर आधी टॅपेट सेटिंग, कारण टॅपेट फार घट्ट असला की वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. हे आकडे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दाखवल्याशिवाय कुणालाही हेड उतरवू देऊ नका.

आणि उतरवलंच, तर काम मोजूनच झालं पाहिजे. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक तपासायचा, साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटरपुढे तो चालत नाही. डोळ्यांनी बघून फेसिंग मारणं धोक्याचं, कारण हेड जास्त खरवडलं की वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. वॉल्व्हच्या मधल्या जागेत तडा आहे का, यासाठी प्रेशर टेस्ट हवीच. अनेक डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून गॅस्किटची जाडी निवडतात, आणि ती जाडी गॅस्किटच्या कडेच्या खाचांवर किंवा भोकांवर ओळखता येते. जुन्या गॅस्किटवरच्या खाचा मोजून ठेवा. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळायचे. पान्याला पाइप लावून ‘अंदाजाने’ आवळलेलं हेड सहा महिन्यांत पुन्हा उतरतं, आणि त्या वेळी पैसे मालकाचेच जातात.

नव्या रिंगा बसल्यावर गाडी तासन् तास आयडलवर ‘सेट’ करत ठेवण्याची पद्धत सोडून द्या. भार नसताना रिंगा बोअरवर दाबल्या जात नाहीत आणि भिंत नुसती चकाकते. मध्यम भार, बदलता वेग, लांब चढावर दमछाक नाही, असं पहिले पाचशे ते हजार किलोमीटर चालवा. मग ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेला फिल्टर टाकू नका. डबा कापून आतला कागद पसरा आणि उन्हात बघा. करडी बारीक पूड, चुंबकाला चिकटणारी, ही नव्या रिंगांची आणि बोअरची घासण आहे. पण तांबूस चकाकी असलेले, चुंबकाला न चिकटणारे तुकडे दिसले तर बेअरिंगं झिजायला लागली आहेत. लगेच चेंबर उतरवून कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं बघा. या टप्प्यावर बहुधा बेअरिंगं बदलून भागतं, आणखी काही हजार किलोमीटर रेटलं तर क्रँक घासून पाव मिलिमीटर कमी मापाची बेअरिंगं घालावी लागतात.